कितीला पडलं?

मराठी घरात नवी वस्तू आली की तिला हळदकुंकू लागण्याआधी तिची चौकशी होते. "कितीला पडलं?" हे विचारल्याशिवाय शेजारीण उंबरठा ओलांडत नाही आणि उत्तर मिळाल्याशिवाय घरी जात नाही. आणि या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं नसतं, एवढं व्यवहारज्ञान आपल्याला मुंज होण्याच्या वयातच आलेलं असतं. आमच्या हिच्याकडे येवल्याची एक पैठणी आहे. तिची किंमत माझ्या आईला सांगताना उतरते, धाकट्या मेहुणीला सांगताना चढते आणि माझ्यापाशी आली की "अहो, तेव्हा घेतली म्हणून परवडली," एवढ्यावर थांबते. पैठणी तीच, पदरावरचे मोर तेच, किंमत मात्र विचारणाऱ्याचं तोंड बघून ठरते.

याला मी आजवर बायकी हिशेब म्हणत आलो. भारत सरकारही पैठणीच्याच पद्धतीने किंमत काढतं, हे कळायला मला शेअर विकावे लागले.

शेअर विकले ते लिफ्टसाठी. आमच्या इमारतीची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये चिंतन करायला थांबू लागली होती. सोसायटीने नवी लिफ्ट बसवायचं ठरवलं आणि माझ्या वाट्याला ४५,००० रुपये आले. मी मोबाइल काढला, चारदा अंगठा टेकवला, एका कंपनीचे १०० शेअर प्रत्येकी ४५० रुपयांना गेले. दुसऱ्या दिवशी पैसे जमा. नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या काळी शेअर विकायचा तर हस्तांतराचा फॉर्म भरायचा, सही करायची, कागद दलालाकडे न्यायचे आणि महिन्याभराने ते 'बॅड डिलिव्हरी' असा शेरा मिरवत परत यायचे, कारण सहीतल्या 'र'ची शेपटी नमुन्यातल्या शेपटीपेक्षा आखूड निघायची. माझे शेअर दोन मिनिटांत गेले. विकणं सोपं झालंय हो. काय विकलं ते सांगायला मला पुढचे दोन महिने लागले.

दुसऱ्या मजल्यावरच्यांची मुलगी सीए आहे. शाळेत असताना गणितात अडलं की माझ्याकडे यायची, आता मी तिच्याकडे जातो. २०२५ साली विवरणपत्राची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर गेली होती, त्यामुळे मी ऐटीत, सवडीने गेलो.

"काका, कॉस्ट काय?"

"कसली?"

"शेअर विकलेत ना? कितीला पडले होते?"

साठ-पासष्ट वर्षं मी या प्रश्नाच्या सरावात आहे. पहिली सायकल कितीला पडली ते मला पैशासकट पाठ आहे. लग्नातला बँड कितीला ठरला आणि शेवटी कितीला पडला, हे दोन्ही आकडे मी झोपेतही सांगेन. आयुष्यात पहिल्यांदा हा प्रश्न सरकारी इतमामाने विचारला गेला आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेअर नानांचे होते. ते गेल्यावर माझ्या नावावर आले.

"म्हणजे मला फुकटच पडले की," मी म्हणालो.

"तसं नाही काका. वारशाने आले तरी किंमत नानांचीच धरायची. त्यांनी जेवढ्याला घेतले तेवढ्याला तुम्ही घेतले असं कायदा मानतो. आणि त्यांनी ज्या दिवशी घेतले त्या दिवसापासून तुमच्याकडे आहेत असंही."

वडिलांची चप्पल मुलाच्या पायात बसू लागली की त्याच्याशी मित्रासारखं वागावं, असं आपल्याकडे म्हणतात. आयकर खातं ती चप्पल कितीला घेतली होती ते विचारतं.

मग पोटमाळ्यावरून नानांची पत्र्याची ट्रंक खाली आली. नाना फोर्टात एका कचेरीत कारकून होते. दलाल स्ट्रीट पायी पाच मिनिटांवर. त्या भागात फुटपाथवर नव्या शेअरविक्रीचे फॉर्म गठ्ठ्यांनी फुकट मिळायचे. नाना भरायला एक आणायचे आणि आम्हा भावंडांना कच्चं गणित करायला वीस. पुढच्या बाजूला सिमेंट कंपनीचं भवितव्य आणि पाठीमागे माझे काळ-काम-वेगाचे हौद, अशा कागदांवर माझं शिक्षण झालं. दोन्हीकडचे अंदाज सारखेच चुकायचे.

ट्रंकेत शेअर सर्टिफिकेटची झेरॉक्स मिळाली. मूळ कागद मी २००२ साली डिमॅटसाठी दिला होता. ५० शेअर, दर्शनी किंमत १० रुपये. आता दर्शनी किंमत म्हणजे खरेदीची किंमत नव्हे. नानांनी ते कंपनीकडून थेट घेतले की बाजारातून दुसऱ्या कुणाकडून, हे सर्टिफिकेटच्या पाठीमागे हस्तांतराच्या रकान्यांत कळतं. पाठीमागची झेरॉक्स मी काढलेली नव्हती. तेव्हा एक रुपया वाचवला होता.

राहिल्या डायऱ्या. नाना रोजचा खर्च लिहीत. तूरडाळ, रॉकेल, आत्याला ओवाळणी, देवळात चार आणे, न्हावी, पुन्हा न्हावी (आम्हा दोघा भावांचा). १९७८ ते १९८४ अशा सात डायऱ्या मी चष्म्याचे दोन नंबर लावून वाचून काढल्या. नानांनी शेअर घेतल्याचा उल्लेख एकाही पानावर नाही. १९८१ च्या एका पानावर खर्चाखाली "बँकेत गर्दी फार. जेवण थंड झाले," एवढंच. ज्या माणसाने कोथिंबिरीच्या जुडीचे दहा पैसे लिहून ठेवले त्याने शेअरबद्दल मौन का पाळावं?

दहा दिवसांनी हात हलवत सीएकडे गेलो. तिने स्क्रीनवरून नजर न काढता सांगितलं, "अहो काका, तो आकडा रकान्यात लिहायचा असतो, पण तुमच्या बाबतीत त्याने फरक काहीच पडणार नाही."

"मग मी सात वर्षांची कोथिंबीर कशाला वाचली?"

इथून पुढे जे तिने समजावलं ते मी तीनदा ऐकलं. कागदावर लिहून घेतल्यावर चौथ्यांदा पटलं.

१ ऑक्टोबर २००४ पासून शेअर बाजारात वर्षभराहून जास्त ठेवून विकलेल्या शेअरच्या नफ्यावर कर नव्हता. त्या बदल्यात सरकार प्रत्येक व्यवहारावर एसटीटी नावाची चिमूट घेत असे. त्यामुळे कितीला पडलं हे लक्षात ठेवायची गरजच उरली नव्हती. एक अख्खी पिढी या बाबतीत सुखाने विसरभोळी झाली. मग १ फेब्रुवारी २०१८ ला अरुण जेटली यांनी अर्थसंकल्पात तो कर परत आणला. एसटीटीची चिमूट चालूच राहिली, आणि नफा मोजताना ती खर्चात धरायची नाही, दलाली मात्र धरायची, हेही जाता जाता समजलं. जुन्या लोकांवर अन्याय नको म्हणून आदल्या दिवसापर्यंतचा नफा माफ. याला म्हणतात ग्रँडफादरिंग.

"आमच्याकडे नुसतं फादरिंग आहे," मी म्हटलं. "शेअर वडिलांचे." ती हसली नाही. सीए लोकांना हा विनोद दर हंगामात ऐकावा लागत असणार.

तर आदला दिवस म्हणजे ३१ जानेवारी २०१८, बुधवार, माघी पौर्णिमा. त्या संध्याकाळी खग्रास चंद्रग्रहण होतं. आमच्या गच्चीवरून चंद्र उगवला तो ग्रासलेलाच, तांब्याच्या घंगाळासारखा. आई तोंडाने जप करत होती, मी दुर्बीण शोधत होतो. लहानपणी ग्रहण लागलं की चाळीखालून "दे दान, सुटे गिराण" अशी आरोळी यायची. त्या वर्षी आरोळी दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता संसदेतून आली, आणि त्याच्या पुढच्या दिवशी सेन्सेक्स सुमारे ८४० अंकांनी आपटला. ग्रहण पाळणाऱ्या माणसांना आपण उगाच हसतो.

त्या ग्रहणाच्या दिवशी बाजारात तुमच्या शेअरला दिवसभरातला जो सर्वांत चढा भाव मिळाला, तो आता धरायचा. बंद होतानाचा भाव नाही, सरासरी नाही, सर्वांत चढा. म्हणजे त्या बुधवारी कुठल्याशा गावी कुणीतरी गृहस्थ, घाईत म्हणा, हावेपोटी म्हणा, किंवा बोट घसरलं म्हणून म्हणा, माझ्या कंपनीच्या शेअरला क्षणभर १,५०० रुपये देऊन बसला. नानांनी कितीला घेतले याला आता अर्थ नाही. त्या अनोळखी माणसाने कितीला घेतले, ती माझी खरेदी. तो कधी भेटला तर मी त्याला चहा पाजणार आहे, सोबत बटाटेवडा.

पण थेट १,५०० धरायचे नसतात. आधी तो ग्रहणाचा भाव आणि विक्रीचा भाव यांतला कमी घ्यायचा. मग तो कमी आणि नानांचा खरा भाव यांतला जास्त घ्यायचा. शिवाय २००१ सालच्या १ एप्रिलच्या आधीची खरेदी असेल, तर नानांच्या भावाऐवजी त्या दिवसाचा भाव घ्यायचीही मुभा आहे. नानांचा भाव, एप्रिलचा भाव, ग्रहणाचा भाव. मी मोजले. बरोबर पैठणीइतके.

घरी येऊन मी स्वतः गणित मांडलं. ग्रहणाचा भाव १,५००, विक्री ४५०, कमी तो ४५०. नानांचा भाव काहीही असला तरी ४५० पेक्षा कमीच असणार, म्हणून जास्त तो ४५०. खरेदी ४५०, विक्री ४५०, नफा शून्य. मला कायद्याबद्दल एकदम प्रेम वाटू लागलं. मग लोभ सुटला. दीड हजाराचा माल साडेचारशेला गेला म्हणजे उलट तोटाच नाही का? मी फोन लावला.

"काका, २०१९ मध्ये स्प्लिट झालं ना? दहाच्या एका शेअरचे दोन-दोनचे पाच झाले. तुमच्या ५० चे २५० झालेत. शेअरची वाटणी झाली की भावाचीही होते. पंधराशे भागिले पाच."

तीनशे. म्हणजे एका शेअरमागे दीडशे रुपये नफा, शंभरांमागे १५,०००. तोट्याचं स्वप्न दीड मिनिट टिकलं. "आणि समजा," मी चिकाटीने म्हटलं, "मी दोनशेला विकले असते, तर शंभराचा तोटा?"

"तेव्हा खरेदीही दोनशेच धरली असती. नफा नाही, तोटा नाही. नानांना दोनच रुपयांना पडला असेल, तर तोटा कसला झाला काका?"

गणितात अडली की मी तिला याच सुरात समजावत असे.

यात एक गोष्ट मात्र मनाला लागली. नानांचे शेअर मी विकलेच नव्हते. निदान माझ्या मनाने. २०२० च्या टाळेबंदीत बाहेर जाता येत नव्हतं आणि ठेवींवर व्याज मिळत नव्हतं, तेव्हा मी त्याच कंपनीचे १०० शेअर स्वतःच्या पैशांनी घेतले होते. विकताना मी ते १०० विकले. नानांचे २५० आठवण म्हणून ठेवायचे होते. कायद्याने परस्पर नानांचे विकले. डिमॅट खात्यात जो आधी आला तो आधी जातो. आमच्या हिला हे पटकन समजलं. "बरोबरच आहे," ती म्हणाली, "डब्यात जुना तांदूळ असताना नवा काढायचा नसतोच." मी म्हटलं, तांदळाला चेहरा नसतो. शेअरलाही नसतो म्हणे, पूर्वी होता, कागदावर क्रमांक असायचा. नानांचे वेगळे राखायचे असते तर मी दुसरं डिमॅट खातं उघडून वेगळी चूल मांडायला हवी होती.

हे दुःख घेऊन मी सकाळच्या फिरण्यानंतरच्या कट्ट्यावर गेलो, तर तिथे प्रत्येकाचं आपापलं निघालं. एकाला बोनस शेअर मिळालेले. तो खुशीत होता, तर कायद्याने त्यांची किंमत शून्य धरली: फुकट ते फुकट, सगळाच नफा. फक्त ग्रहणाच्या आधी मिळालेल्या बोनसला ग्रहणाचा भाव मिळतो. दुसऱ्याकडे अजून कागदी सर्टिफिकेटं आहेत आणि १ एप्रिल २०१९ पासून तशी विकताच येत नाहीत, म्हणून त्याला कर नाही. तो स्वतःला आमच्यातला सर्वांत सुखी समजतो. तिसऱ्याकडे रिलायन्स. २०२३ च्या जुलैत त्यातून जिओ फायनान्शियल वेगळी झाली आणि प्रत्येक शेअरमागे एक शेअर मिळाला. मूळ खरेदीची वाटणी अशी ठरली: ९५.३२ टक्के थोरल्या घराकडे, ४.६८ टक्के धाकट्याकडे. हा आमचा मित्र रत्नागिरीकडचा. घरच्या फणसात त्याचा एक हिस्सा आहे आणि चुलतभावांशी तीस वर्षं बोलणं नाही. तो म्हणाला, "दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत वाटणी, आणि कोर्ट नाही, कचेरी नाही? आमच्या विहिरीला हे डोकं कुणी लावलं असतं तर!"

न्यू जर्सीतल्या पुतण्याला मी व्हिडिओ कॉलवर हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "काका, इकडे सोपं आहे. २०११ पासून घेतलेल्या शेअरची खरेदी किंमत ब्रोकरच सरकारला कळवतो." मला क्षणभर हेवा वाटला. मग हळूच निघालं की त्याला कंपनीकडून पगाराबरोबर जे शेअर मिळतात, त्यांच्या पुढे ब्रोकरने किंमत शून्य लिहिली होती. पगार म्हणून त्यांच्यावर एकदा कर भरलेला. तो आकडा स्वतः दुरुस्त केला नसता तर दुसऱ्यांदा भरला असता. वारशाचं काय, विचारलं. तर तिकडे वडील ज्या दिवशी जातात त्या दिवसाचा बाजारभाव ही मुलाची खरेदी. तोवरचा सगळा नफा वडिलांबरोबर गेला. "म्हणजे तिकडे ट्रंक काढावी लागत नाही?" "नाही." "डायऱ्या वाचाव्या लागत नाहीत?" "नाही ना." पुतण्या आनंदात होता. त्याचे वडील, म्हणजे आमचे दादा, त्याच वेळी त्याच्या मागच्या खुर्चीत बसून पोहे खात होते. त्यांनी चमचा खाली ठेवला.

आता कर. २३ जुलै २०२४ पासून या नफ्यावर साडेबारा टक्के, पण वर्षाला सव्वा लाखापर्यंत माफ. माझा नफा पंधरा हजार. कर शून्य. माझा चेहरा बघून सीए म्हणाली, "तसे तुम्ही साध्या 'सहज' फॉर्ममध्येही बसला असता. या वर्षीपासून सव्वा लाखापर्यंतचा हा नफा त्यात चालतो. पण तुमचा हा दुसरा व्यवहार आहे ना."

दुसरा व्यवहार म्हणजे माझ्या साडूची कृपा. त्यांनी लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढताना एका कंपनीचं नाव कानात सांगितलं होतं. दहा शेअर मी चार दिवस ठेवले आणि विकले. २१२ रुपये मिळाले. हा अल्प मुदतीचा नफा. त्यावर २० टक्के, म्हणजे ४२ रुपये ४० पैसे, वर सेस. या जिलबीपायी मी 'सहज'मधून उठून आयटीआर-२ च्या पंगतीला बसलो. तिथे ग्रहणाआधीच्या शेअरची एकेक ओळ लिहायची, आयएनईने सुरू होणारा बारा अक्षरांचा क्रमांक टाकायचा, आणि २३ जुलैच्या आधी विकला की नंतर तेही सांगायचं. विक्रीचे सगळे आकडे खात्याच्या एआयएस नावाच्या तक्त्यात आधीच हजर असतात. माझं बँकेतलं व्याज आणि एका कंपनीचा सतरा रुपयांचा लाभांशही त्यात होता. तरी विचारतात. रात्री उशिरा आलेल्या मुलाला आई "कुठे होतास?" म्हणते, ते तिला माहीत नसतं म्हणून नव्हे.

शेवटी एकच रकाना उरला. नानांची किंमत. फरक पडणार नव्हता, पण मोकळा सोडवेना. रविवारी दुपारी मी पुन्हा १९८१ ची डायरी उघडली, आणि या वेळी कोथिंबीर सोडून मोठे आकडे पाहिले. जानेवारी: छत्री दुरुस्ती, १२५ रुपये. एप्रिल: छत्री दुरुस्ती, १२५ रुपये. ऑक्टोबर, दिवाळीच्या तोंडावर: छत्री दुरुस्ती, २५० रुपये.

त्या काळी शेअरचे पैसे हप्त्याने भरत. अर्जाबरोबर अडीच रुपये, वाटप झाल्यावर अडीच, मग कंपनीने मागितले की उरलेले पाच. पन्नास शेअर गुणिले अडीच. मी बोटं मोजली. सव्वाशे, सव्वाशे, अडीचशे. पाचशे रुपयांना नानांनी एका वर्षात एक छत्री तीनदा दुरुस्त केली होती, आणि त्यातली एकही वेळ पावसाळ्यातली नव्हती. पाचशे भागिले पन्नास, दहा. भागिले पाच, दोन. रकान्यात एका शेअरमागे दोन रुपये बसले.

आई आतल्या खोलीत वाती वळत होती. ती आता शहाऐंशी वर्षांची आहे. या डायऱ्या तीच रोज रात्री वाचायची म्हणून नानांनी हे केलं असणार, हे एव्हाना मला कळलं होतं. मी डायरी नेऊन तिच्यापुढे धरली आणि बोटाने ओळ दाखवली.

"आई, हे तुला कळलं नव्हतं?"

तिने चष्मा न लावताच पाहिलं.

"कळायचं काय त्यात. मृगाच्या पावसात मी तीच छत्री घेऊन दळणाला गेले होते. भोक तसंच होतं."